पुण्याच्या पेठांतून सायकलवर खाद्यफेरी कशी न्यावी : आखणीपासून निरोपापर्यंत

पाहुणे आले किंवा सोसायटीतली मंडळी जमली, की सकाळी सायकली काढून पेठांत खायला जाण्याचा बेत ठरतो आणि तो बऱ्याचदा एकाच पद्धतीने बिघडतो. सात वाजता मिसळीच्या रांगेत उभे राहायचे, तर्रीसकट पोटभर खायचे आणि मग जड पोटाने, वाढत्या रहदारीत, वाट विचारत उरलेल्या पेठा उरकायच्या. नऊ वाजेपर्यंत निम्मी मंडळी घामाघूम झालेली असतात, आणि तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांच्या तांबट आळीत पोहोचावे तर एकही हातोडी वाजत नसते, कारण तिथले काम सुरू व्हायला अजून अवकाश असतो.

ही फसगत टाळण्याचा उपाय क्रमात आहे. कोणता पदार्थ कधी ताजा मिळतो आणि कोणता भाग कधी जागा होतो, हे आधी कागदावर मांडावे आणि मग त्याला जोडणारा रस्ता शोधावा. पुढील टप्पे आठ पाहुणे आणि दोन वाटाडे अशा गटासाठी लिहिले आहेत. वाट शनिवारवाड्यापासून निघून शनिवार, नारायण, सदाशिव, शुक्रवार आणि रविवार पेठेतून कसब्यात येते. अंतर साधारण पाच किलोमीटर भरते. वेळ मात्र साडेतीन तास धरावा, कारण त्यातला बराचसा सायकलवरून उतरूनच जातो.

## टप्पा १ : दिवस निवडणे

रविवारी सकाळी रहदारी सर्वांत कमी असते, पण नावाजलेल्या मिसळीच्या दुकानांपुढे रांगाही रविवारीच सर्वांत लांब असतात. गटातील लोक सायकलवर नवखे असतील तर रविवार घ्यावा आणि रांगेचा वेळ हिशेबात धरावा. सरावाचे लोक असतील तर कामाच्या दिवशीची सकाळ अधिक चांगली, कारण पेठा खऱ्या अर्थाने कामाला लागलेल्या दिसतात.

तारीख पक्की करण्यापूर्वी पंचांग जरूर पाहावे. संकष्टी, त्यातही अंगारकी असेल तर कसबा गणपती आणि दगडूशेठच्या परिसरात सकाळपासून दर्शनाची गर्दी असते. एकादशी, श्रावणी सोमवार आणि नवरात्रात निम्म्या मंडळींचा उपवास निघतो आणि मिसळीचा बेत कोलमडतो. गणेशोत्सवात मांडवांमुळे रस्ते अरुंद होतात. आषाढवारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असताना नाना पेठ, भवानी पेठ आणि त्यांच्या आसपासचे रस्ते बंद किंवा तुडुंब असतात. हे दिवस पेठा पाहण्यासारखे नक्कीच असतात, पण ते पायी पाहावेत.

हंगामाचे म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत निघण्याची वेळ अर्धा-पाऊण तास अलीकडे आणावी. पावसाळ्यात ड्रेनेजची झाकणे आणि रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे निसरडे होतात. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, म्हणून डेक्कनकडून येणाऱ्यांना त्या पुलावरची वाट सांगू नये.

तपासा : प्रत्येक दुकानाची साप्ताहिक सुट्टी वेगळी असते. ती दुकानात जाऊन विचारावी. नकाशाच्या ॲपवरील वेळा पेठांतल्या जुन्या दुकानांच्या बाबतीत अनेकदा शिळ्या असतात.

## टप्पा २ : मंडळींकडून माहिती घेणे

फेरीच्या निदान आठवडाभर आधी प्रत्येकाला चार गोष्टी विचाराव्यात : रहदारीत सायकल चालवण्याची सवय आहे का, उंची किती, काय चालत नाही, आणि त्या दिवशी उपवास आहे का.

यातील तिसरा प्रश्न मोघम विचारला की उत्तरही मोघम येते. "काही पथ्य आहे का?" असे विचारल्यावर बहुतेक जण "नाही, सगळं चालतं" म्हणतात आणि ताटलीपुढे बसल्यावर कांदा-लसूण खात नसल्याचे सांगतात. म्हणून नावे घेऊनच विचारावे : शेंगदाणे, दूध, कांदा, लसूण, बटाटा, तिखट. शेंगदाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. पोह्यांत ते उघड दिसतात, पण फरसाणात, चटणीत, कुटाच्या रूपात आणि शेंगतेलातूनही ते पोटात जातात. एखाद्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर या फेरीत त्याच्यासाठी चहा, फळे आणि त्याने स्वतः घरून आणलेला डबा एवढेच सुरक्षित समजावे. "दुकानदाराला सांगून बिनशेंगदाण्याचे करून घेऊ" या भरवशावर राहू नये, कारण कढई आणि झारा तोच असतो.

सायकलची सवय नसलेल्या माणसाला नकार देण्याची गरज नाही, पण त्याने पेठांत येण्यापूर्वी एखाद्या मोकळ्या मैदानात तासभर चालवून दाखवावे. बारा वर्षांखालील मुलांना मात्र या वाटेवर स्वतंत्र सायकल देऊ नये.

## टप्पा ३ : वाट आखणे

आधी वेळापत्रक मांडावे. चहाची दुकाने पहाटेच उघडतात. पोहे-उपीट सकाळी लवकर ताजे मिळते. मंडईत आठ-साडेआठला गाळे मांडून झालेले असतात आणि गिऱ्हाइकांची दाटी अजून व्हायची असते. तुळशीबागेतली दुकाने त्या वेळी बंद असतात, पण रामाचे देऊळ उघडे असते आणि एरवी दुकानांच्या गर्दीत न दिसणारा परिसर नीट पाहता येतो. तांबट आळीत जाण्यासाठी साधारण दहाची वेळ धरावी. यावरून क्रम आपोआप ठरतो :

१. पावणेसात : शनिवारवाड्याच्या पटांगणात जमणे, सायकली तपासणे.
२. सव्वासात : ओंकारेश्वराकडून नारायण पेठेत, अमृततुल्य चहा.
३. आठ : सदाशिव पेठ, नागनाथ पाराच्या परिसरात पोहे किंवा उपीट.
४. पावणेनऊ : तुळशीबाग आणि महात्मा फुले मंडई, दोन्ही पायी.
५. साडेनऊ : रविवार पेठेतून फडके हौदाकडे, मिसळ.
६. सव्वादहा : कसबा गणपती आणि तांबट आळी, पायी.

जड पदार्थ शेवटून दुसरा आला आहे, हे लक्षात घ्यावे. मिसळ झाल्यावर सायकल चालवायची ती फक्त कसब्यापर्यंत आणि शेवटी तिथून शनिवारवाड्यापर्यंत, म्हणजे काही मिनिटे.

दुसरे काम एकेरी रस्त्यांचे. शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता आणि लक्ष्मी रस्ता हे तिन्ही एकेरी आहेत आणि आपली वाट त्यांना कुठे ना कुठे छेदते. सायकल आहे म्हणून उलट दिशेने चार पावले घुसलो तर काय बिघडले, असा विचार गटाच्या बाबतीत फार महागात पडतो : समोरून येणारा दुचाकीस्वार एक सायकल चुकवतो, मागच्या नऊ त्याला दिसत नाहीत. जिथे दिशा आड येते, तिथे गल्ली शोधावी. गल्ली नसेल तर सर्वांनी उतरून सायकली हातात धराव्यात आणि पदपथाच्या कडेने चालावे. मंडईतून रविवार पेठेत जाताना हा प्रसंग हमखास येतो.

सावधान : बुधवार पेठेतील काही गल्ल्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची वस्ती आहे. वाट आखताना त्या गल्ल्या टाळाव्यात आणि चुकून त्या बाजूला गेल्यास थांबू नये, कॅमेरा काढू नये. कोणाचे जगणे हे फेरीतले प्रेक्षणीय स्थळ होऊ शकत नाही, हे गटाला निघण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगावे.

## टप्पा ४ : दुकानदारांशी आधी बोलणे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग दहा जणांचा घोळका अचानक सहा बाकांच्या उपाहारगृहात शिरतो. नेहमीचे गिऱ्हाईक खोळंबते, मालक त्रासतो आणि गटाला घाईघाईत खावे लागते.

दोन-तीन दिवस आधी, गर्दी नसलेल्या वेळी, स्वतः जावे. किती जण, किती वाजता, किती प्लेट, बसून की उभ्याने, हे सांगावे आणि सायकली कुठे लावाव्यात ते त्यांनाच विचारावे. दुकानाच्या पायरीसमोर किंवा शेजारच्या वाड्याच्या दिंडीपुढे दहा सायकली लावल्या की पुढच्या वेळी तिथे कोणी उभे करणार नाही. एखाद्या मालकाने गट नको म्हटले तर आग्रह धरू नये, दुसरे ठिकाण पाहावे. पैसे जागेवर आणि पूर्ण द्यावेत. गट आणला म्हणून सवलत मागण्याची पद्धत छोट्या दुकानांच्या बाबतीत अजिबात योग्य नाही. तिथे एका प्लेटमागे सुटणारे पैसे मोजकेच असतात.

याच भेटीत स्वच्छतागृहाची चौकशी करून ठेवावी. पेठांतल्या लहान उपाहारगृहांत ती सोय बहुधा नसते आणि साडेतीन तासांच्या फेरीत ती लागतेच. वाटेवर किमान दोन ठिकाणे नक्की करून ती निघतानाच सर्वांना सांगावीत, म्हणजे कोणाला संकोचाने विचारावे लागणार नाही आणि विशेषतः स्त्रियांवर पाणी कमी पिण्याची वेळ येणार नाही.

## टप्पा ५ : एकदा रिकामी फेरी मारणे

दोन्ही वाटाड्यांनी त्याच वारी, त्याच वेळी, संपूर्ण वाट एकदा गटाशिवाय चालवावी. नुकताच खोदलेला रस्ता, बदललेली एकेरी दिशा, शाळा भरण्याची वेळ, कचऱ्याची गाडी अडून राहणारी गल्ली या गोष्टी नकाशात दिसत नाहीत. प्रत्येक थांब्याला प्रत्यक्ष लागलेली वेळ लिहावी आणि गटासाठी तिच्यात निम्म्याने भर घालावी.

## टप्पा ६ : सायकली तपासणे

पेठांसाठी मध्यम जाडीच्या टायरची साधी किंवा हायब्रिड सायकल योग्य. रेसच्या सायकलीचे अरुंद टायर ड्रेनेजच्या जाळीत अडकतात. तपासणी अशी करावी :

- हवा : टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत भरावी.
- ब्रेक : दोन्ही दांडे पूर्ण दाबल्यावरही हँडलला टेकता कामा नयेत. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी, मग मागचा. चाक फिरले तर ती सायकल बाजूला ठेवावी.
- साखळी : पायडल उलटे फिरवून पाहावे, अडकत असेल तर तेल घालावे.
- सीट : सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी, पायडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा. नवख्या माणसासाठी सीट थोडी खाली ठेवावी, म्हणजे थांबताना पाय पटकन जमिनीला टेकतो.
- घंटी : प्रत्येक सायकलीला हवीच. गल्लीच्या वळणावर दुसरा उपाय नाही.

हेल्मेट सर्वांनी घालावे. मागच्या वाटाड्याकडे पंप, एक जादा ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, पाने, प्रथमोपचाराची पेटी आणि ओआरएसची पाकिटे असावीत. तीन-चार सायकली एकत्र बांधता येतील अशा लांब साखळ्या-कुलपे घ्यावीत; प्रत्येकाने आपापले कुलूप लावायचे ठरवले की दर थांब्यावर पाच मिनिटे जातात आणि एक किल्ली हरवते.

तपासा : ओढण्या, लांब कुर्ते, सैल पायघोळ आणि बुटांच्या नाड्या साखळीपासून दूर बांधलेल्या आहेत ना, हे निघण्यापूर्वी प्रत्येकाकडे पाहून घ्यावे.

## टप्पा ७ : रस्त्यावरची शिस्त

एक वाटाड्या पुढे, दुसरा सर्वांत मागे. मागच्याने कोणालाही मागे टाकून पुढे जायचे नाही, हा नियम मोडला की गट तुटतो. वेग सर्वांत हळू चालवणाऱ्याचा असावा आणि ती व्यक्ती पुढच्या वाटाड्याच्या लगेच मागे असावी. मागे राहिली तर ती दमूनही थांबत नाही आणि बोलतही नाही.

एकामागे एक, डाव्या बाजूने चालवावे. मात्र उभ्या गाड्यांना खेटून जाऊ नये. दार अचानक उघडते, म्हणून हातभर अंतर ठेवावे. थांब्यावर उभ्या असलेल्या पीएमपीच्या बसच्या आणि पदपथाच्या मधून कधीही घुसू नये. प्रवासी चढून-उतरून बस निघेपर्यंत मागे थांबावे. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचे असेल तर सर्वांनी उतरून पादचाऱ्यांबरोबर रस्ता ओलांडावा. यात दोन मिनिटे जातात, आणि ती द्यावीत.

प्रत्येक चौक ओलांडल्यावर पुढच्याने सुरक्षित जागी थांबावे आणि मागच्याने हात वर करून "सगळे आले" अशी खूण करावी, तोपर्यंत पुढे निघू नये. गट सिग्नलला तुटला तर मागे राहिलेल्यांनी लाल दिवा ओलांडून धावत यायचे नाही, हे आधीच बजावून ठेवावे. बहुतेक पडझडी पुढच्यांना गाठण्याच्या घाईतच होतात.

पेठांविषयी सांगायची माहिती चालत्या सायकलवरून मागे वळून सांगू नये. ती थांब्यावर सांगावी. दहाव्या सायकलपर्यंत आवाज पोहोचतही नाही.

## टप्पा ८ : खाण्याचा क्रम आणि प्रमाण

साऱ्या फेरीचे खाणे मिळून दीड वेळच्या जेवणापेक्षा अधिक होऊ नये. यासाठी पहिल्या थांब्यापासूनच हात राखावा लागतो.

चहा. पहिल्या थांब्यावर फक्त चहा, हवी तर सोबत खारी. अमृततुल्यच्या दुकानात गटाला कट्ट्याजवळ उभे करावे, म्हणजे चहा होताना दिसतो : पितळी पातेल्यात दूध-साखर उकळत असते, वेलदोडे कुटून त्यात पडतात, आणि रंग उतरला की चहा फडक्यातून गाळून किटलीत जातो. वेलदोड्याचा वास वाफेबरोबर वर येतो तो याच क्षणी. त्यानंतर कप हातात येईपर्यंत तो निम्मा झालेला असतो. साखर कमी हवी असेल तर अमृततुल्यमध्ये ते बहुधा जमत नाही, हे मधुमेही मंडळींना आधी सांगावे.

पोहे किंवा उपीट. दोघांत एक प्लेट. इथेच लोक चुकतात, कारण भूक खरी लागलेली असते आणि पोहे गरम असतात. पुढे मिसळ आहे याची आठवण करून द्यावी.

फळे. मंडईत सायकली बाहेर बांधून आत पायी जावे. हंगामाप्रमाणे पेरू, बोरे, पुरंदरचे अंजीर असे काहीतरी घ्यावे, धुऊन, कापून सर्वांत वाटावे; चाकू आणि पाण्याची जादा बाटली जवळ ठेवावी. गाळेवाल्यांचे फोटो काढण्यापूर्वी विचारावे आणि गिऱ्हाइकाच्या वाटेत उभे राहू नये. काही विकत न घेता दहा जणांनी फोटो काढून निघून जाणे हे विक्रेत्यांना खटकते, आणि ते रास्त आहे.

मिसळ. फडके हौदाजवळचे वैद्य उपाहारगृह हे इथले जुने नाव आहे. तिथला रस्सा लाल तर्रीचा नसून हिरव्या मिरचीचा आणि आल्याचा असतो, त्यामुळे झणझणीत लाल रश्श्याची धास्ती घेतलेल्या पाहुण्यांनाही तो मानवतो. बरोबर पाव न येता स्लाइस ब्रेड येतो. पाहुण्यांना आश्चर्य वाटते, पण पुण्याच्या जुन्या मिसळीची रीत तीच आहे. नारायण पेठेतील बेडेकरांची मिसळही तशीच ब्रेडबरोबर मिळते, पण ती आपल्या वाटेवर फार लवकर येते. तीच खायची असेल तर संपूर्ण वाट उलट दिशेने आखावी आणि मग तांबट आळी लवकर येऊन शांत मिळेल हे मान्य करावे. दोन्ही मिसळी एका सकाळी ठेवू नयेत.

मिसळ एका माणसाला एक पुरते. रस्सा वेगळ्या वाटीत मागावा आणि चव घेऊन वाढत जावे. सगळा रस्सा एकदम ओतला की फरसाण मऊ पडते आणि तिखट झेपले नाही तर परतीचा मार्ग उरत नाही. खाऊन झाल्यावर लगेच सायकलवर बसू नये. दहा-पंधरा मिनिटे बसून बोलावे.

मस्तानी. पाहुण्यांचा हट्ट असतो, तरी ती या फेरीत बसवू नये. मस्तानी म्हणजे आइस्क्रीम घातलेले घट्ट दूध. तिखट मिसळीवर ती घेऊन उन्हात सायकल चालवली की हमखास मळमळते. संध्याकाळी निवांत जाण्यासाठी निंबाळकर तालीम चौकातला पत्ता सांगून ठेवावा. बाकरवडी घरी न्यायची असेल तर तीही फेरी संपल्यावर घ्यावी. पिशव्या हँडलला लटकवून रहदारीत चालवणे धोक्याचे आहे.

सावधान : पाणी प्रत्येकाने आपापले आणावे. उन्हाळ्यात दर थांब्याला वाटाड्याने स्वतः पाणी पिऊन दाखवावे, म्हणजे इतरही पितात.

## टप्पा ९ : तांबट आळी

कसबा गणपतीजवळ सायकली एकत्र बांधून पुढे पायी जावे. तांबट आळी हे काम करणाऱ्या लोकांचे घर आणि कारखाना दोन्ही आहे. उंबऱ्याबाहेर थांबावे, एका वेळी तिघा-चौघांनीच पुढे व्हावे, आणि हातोडी चालू असताना प्रश्न विचारू नयेत. मठारकामात भांड्याच्या पृष्ठभागावर ठोके एकसारख्या ओळीत पडावे लागतात. भांडे एका हाताने फिरत असते, हातोडी दुसऱ्या हाताने पडत असते आणि या दोहोंचा मेळ क्षणभर चुकला तरी ती खूण भांड्यावर कायम राहते. कारागीर थांबला की बोलावे. वस्तू घ्यायची असेल तर तिथेच आणि सांगितलेल्या भावात घ्यावी. स्वयंपाकासाठी तांब्याचे भांडे घेणाऱ्याने आत कल्हई केलेली आहे ना, हे विचारून घ्यावे.

## टप्पा १० : निरोप आणि हिशेब

फेरी शनिवारवाड्याच्या पटांगणातच संपवावी. मेट्रोचे कसबा पेठ स्थानक जवळ असल्याने गाडी न आणलेल्यांची सोय होते. सायकली परत घेताना प्रत्येकाला ब्रेक, गिअर किंवा सीटबद्दल काही त्रास झाला का हे विचारून त्याच वेळी सायकलीवर चिठ्ठी लावावी. संध्याकाळी कोणती सायकल कोणाची होती हे आठवत नाही.

हिशेब त्याच दिवशी गटाला कळवावा : कोणत्या थांब्यावर किती प्लेट, किती पैसे. दुकानदारांचे काही देणे राहिले असेल तर ते दुसऱ्या दिवसावर टाकू नये. जिथे गटामुळे गर्दी झाली किंवा वेळ टळली, तिथे दुपारनंतर, दुकान मोकळे असताना, जाऊन तसे बोलून यावे आणि पुढच्या वेळी कोणती वेळ सोयीची, ते त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे.